क्लच नसलेलं खेचर

बाजाररस्ता जिथे संपतो आणि डोंगराचा चढ जिथे सुरू होतो, त्या वळणावर खटक्याचं गॅरेज होतं. पत्र्याची उंच शेड, जमिनीत खणलेला लांबट खड्डा, खड्ड्यावर दोन जाड फळ्या आणि भिंतीला मापाप्रमाणे टांगलेले पाने. एखादा पाना जागेवर नसला तर खटका जेवायला घरी जात नसे. त्याचं खरं नाव विजेच्या बिलावर छापून यायचं. बाकी जगाला तो खटका म्हणूनच ठाऊक होता.

गिअरबॉक्स ही त्याची विद्या. गाडी शेडमध्ये शिरायच्या आधीच, नुसत्या आवाजावरून तो सांगायचा, "दुसऱ्याचा दात गेलाय," किंवा "मागचं बेअरिंग रडतंय." काम झालं की गिऱ्हाइकाचा हात धरून गिअरच्या दांड्यावर ठेवायचा आणि म्हणायचा, "टाका. खटका लागला? हाताला कळला? मग झालं काम." ज्या गाडीत हाताला खटका कळत नाही ती गाडीच नव्हे, असं त्याचं मत होतं, आणि मत मनातल्या मनात ठेवायची त्याला सवय नव्हती. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्यांना तो झोपाळा म्हणायचा. "वर बसा, झोके घ्या, खाली उतरा. ह्यात चालवणं कुठं आलं?"

घरी मात्र त्याचा हा ताठा चालत नसे, कारण घरात त्याच्याहून ताठ माणूस होतं. बायको गुरांची डॉक्टर. अंगापिंडाने किरकोळ, पण अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून आडवं आलेलं वासरू सरळ करणारी. डोंगरावरच्या वाड्यावस्त्यांमध्ये तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत, आणि कौतुकाची गोष्ट अशी की खटकाही चारचौघांत तिला डॉक्टरीणबाईच म्हणायचा.

दोघांची गाठ पडली ती गाडीमुळे. बाईंनी नोकरीच्या सुरुवातीलाच लिलावातून एक जुनीपुराणी गाडी घेतली होती. चौकोनी तोंड, कापडी छत, चारही चाकांनी ओढणारी, आणि वयाने मालकिणीपेक्षा मोठी. ती अरुंद पायवाटांवरूनही न कुरकुरता चढायची, म्हणून वस्तीवरच्या लोकांनी तिचं नाव 'खेचर' ठेवलं होतं. बाई पहिल्यांदा गॅरेजात आल्या तेव्हा खटक्याने गाडीकडे बघून सांगितलं, "बाई, ह्या जुन्या पेटीत पहिला गिअर चालत्या गाडीत पडत नाही. थांबूनच टाकावा लागतो."

"पडतो," बाई म्हणाल्या. "बसा शेजारी."

समोरच्या चढावर, गाडी चालती असताना, त्यांनी क्लच दाबला, सोडला, किंचित रेस दिली, पुन्हा दाबला, आणि पहिला गिअर लोण्यात सुरी जावी तसा गेला. खटका त्या दिवशी कामातून गेला. पुढे वर्षाच्या आत लग्न झालं. त्यानंतर कितीतरी वर्षं तो प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ही हकीकत ऐकवत राहिला आणि शेवटी म्हणायचा, "असा हात मी दुसरा पाहिला नाही. माझासुद्धा नाही."

लेक मोठी झाली, शिकून दूरच्या शहरात नोकरीला लागली. खटक्याच्या दाढीत पांढरं दिसू लागलं. खेचराचा रंग दोनदा बदलला, कापडी छत तीनदा. बाईंची फेरी मात्र चुकली नाही. आणि मग एका गोठ्यात ते घडलं.

गुंगीचं औषध दिलेली एक धिप्पाड गाय अचानक लटपटली आणि कुणाला काही कळायच्या आत आडवी झाली. बाई गाय आणि दगडी भिंत यांच्या मध्ये सापडल्या. डावी मांडी आणि गुडघा. हाडं जुळली, जखमा भरल्या, काठी घेऊन चालणंही जमू लागलं. पण त्या पायात जोर आला नाही. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की चालण्यापुरता पाय कामाला येईल, दाबण्यापुरता नाही.

खेचराचा क्लच काही लाडाचा नव्हता. धडधाकट माणसाचीही पिंढरी भरून यायची. बाईंनी एकदा सगळे बाहेर गेलेले बघून प्रयत्न केला. पेडल अर्धंसुद्धा खाली गेलं नाही. खटका परत आला तेव्हा बाई गाडीतच बसलेल्या होत्या, स्टिअरिंगवर हात ठेवून.

मग खटका स्वतःच बायकोचा ड्रायव्हर झाला. सकाळी गॅरेज बंद, दोघं डोंगरावर. त्याला वाटलं, प्रश्न सुटला. चालवण्यात तो वाकबगार होताच. पण एका संध्याकाळी स्वयंपाकघरात, चहाचं आधण चुलीवर असताना, बाईंचा बांध फुटला.

"आज वरच्या वस्तीवर काय झालं, लक्षात आलं तुमच्या?"

"काय झालं? शेळ्यांना डोस दिलेस, निघालो."

"गाडी थांबली. लोक जमले. आणि म्हातारा तुमच्याशी बोलायला लागला. 'आणलंत का बाईंना?' म्हणे. 'उद्या परत आणाल का?' मी शेजारी बसलेय, माझ्या मांडीवर औषधाची पेटी आहे, आणि विचारतोय तुम्हाला! मी काय खोकं आहे का उतरवून घ्यायचं?"

"अगं, त्याच्या मनात तसं नसेल."

"त्याच्या मनात नाही, ते मला माहीत आहे. म्हणूनच जास्त लागलं." त्यांनी आधणात चहाची पूड टाकली, ती जरा जास्तच पडली. "मला नेणारे पुष्कळ मिळतील हो. मला जायचंय."

गॅरेजात कुठल्याही वादात खटक्याचाच शेवटचा शब्द असायचा. त्या दिवशी तो नुसता कडू चहा पीत बसला.

लेकीला आईचा आवाज फोनवरूनच उतरलेला वाटला असावा. ती सुट्टी काढून आली ती चालवून बघायला म्हणून एक नवी कोरी गाडी घेऊनच. उंच, चकचकीत, चारही चाकांनी ओढणारी, आणि गिअर आपोआप बदलणारी. क्लच नाहीच. बाई डावा पाय बाजूला ठेवून बसल्या आणि पहिल्याच दिवशी अख्खा बाजाररस्ता फिरून आल्या. खटका खिडकीतून बघत होता. बायकोच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी तसा रंग आलेला त्याने पाहिला, आणि झोपाळ्याबद्दल एक शब्दही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी तिघं वर निघाले. अर्ध्या वाटेवर ओढ्यावरचा जुना दगडी पूल लागतो. खेचर त्यावरून दोन्ही बाजूंना वीतभर जागा ठेवून जायचं. नव्या गाडीचे आरसे मिटले, लेक पुढे उभी राहून हाताने खुणा करू लागली, तरी पुढचं चाक पुलाच्या कठड्याला घासून थांबलं. गाडीच रुंद होती. त्याला कोण काय करणार? बाई खाली उतरल्या, काठी टेकत पूल ओलांडून पलीकडे गेल्या, आणि तिथून मागे वळून म्हणाल्या, "गाडी छान आहे गं. तू शहरात चालव."

त्या रात्री जेवताना लेकीने सहज, भाजी वाढून घेता घेता विचारलं, "बाबा, त्या गाडीतलं आपोआप गिअरचं यंत्र खेचरात नाही का बसवता येत?"

खटक्याने घास तोंडात तसाच धरला. मग गिळला. मग म्हणाला, "येतं. बसवता येतं. मला येत नाही."

बाईंनी मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात गाडीच्या कामाबद्दल हे वाक्य त्यांनी प्रथमच ऐकलं होतं.

बाजाररस्त्याच्या दुसऱ्या टोकाला एका बाईचं गॅरेज होतं. चाळिशीच्या आतली, केस घट्ट बांधलेली, बोलायला मोकळी. ती फक्त आपोआप गिअरच्याच पेट्या दुरुस्त करायची, म्हणून लोक तिला ऑटोताई म्हणत. खटका तिच्याबद्दल चांगलं बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. तिच्याकडे जाऊन आलेल्या गिऱ्हाइकाला तो विचारायचा, "काय, झोका कसा होता?" हे सगळं तिच्या कानावर जाणार हे उघड होतं.

खटका तिथे पायी गेला. दारातच थबकला, कारण आतली फरशी इतकी स्वच्छ होती की त्याला आपल्या बुटांची लाज वाटली. पांढऱ्या टेबलावर एक उघडलेली पेटी होती आणि तिच्यातले बारीक भाग कापडावर ओळीने मांडलेले होते.

"खटकाकाका! तुम्ही?" ऑटोताई म्हणाली. तिच्या तोंडून ते नाव, एकापाठोपाठ तीन 'का', स्टार्ट न होणाऱ्या इंजिनासारखं यायचं. "वाट चुकलात की काय?"

"नाही. शिकायला आलोय."

"काय शिकायला?"

"झोपाळा," खटका म्हणाला.

ती इतकी हसली की हातातला स्क्रूड्रायव्हर तिला खाली ठेवावा लागला. खटका उभाच राहिला. हसणं संपल्यावर त्याने पायाची, क्लचची, पुलाची सगळी हकीकत सांगितली. ऐकता ऐकता ती गंभीर झाली.

"आत या," ती म्हणाली. "राहू द्या हो बूट. तुमच्या बायकोने माझ्या कुत्रीचा जीव वाचवलाय, फरशीचं काय एवढं?" मग स्टूल ओढून बसली. "करू. पण माझी एक अट. ह्या पेटीत अंदाज चालत नाही. जे कळणार नाही ते विचारायचं."

"बरं. आणि माझीही एक आहे. ट्रान्सफर केससुद्धा बदलायची."

ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे जोडलेली दुसरी पेटी. इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना ती वाटून देते, आणि 'लो' मध्ये टाकली की वेग कमी करून जोर वाढवते. खेचराची ती पेटी दमलेली होती. उतारावर तिचा दांडा लोमधून आपसूक सुटायचा.

"मग इतकी वर्षं बाई उतरत कशा होत्या?" ऑटोताईने विचारलं.

"गुडघ्याने दांडा रेटून धरायची. डाव्या," खटका म्हणाला.

"तर मग ती बदलायलाच हवी. तशीही आपोआपची पेटी उतारावर गाडीला तितकं रोखून धरत नाही. लो चांगला खालचा पाहिजे. पण एक सांगते, ट्रान्सफर केसमधलं मला ओ की ठो कळत नाही."

"ते माझ्याकडे लागलं," खटका म्हणाला, आणि त्या गॅरेजात शिरल्यापासून पहिल्यांदा त्याचे खांदे जरा सैल झाले.

भंगाराच्या आवारात एका मोडक्या मालवाहू गाडीत हवी तशी पेटी सापडली. ती ऑटोताईने पूर्ण उघडली, झिजलेल्या चकत्या काढून, सीलसकट सगळं नवं घातलं. ट्रान्सफर केस खटक्याने शोधून आणली. दणकट, साखळी नसलेली, सगळी दात्यांची, आणि लो असा की माणूस चालत गाडीच्या पुढे जाईल. ती त्याने स्वतः उघडली आणि प्रत्येक दातावरून बोट फिरवूनच पुन्हा बंद केली.

खेचर खड्ड्यावर घेतलं. जुनी पेटी चेन-पुलीला टांगून खाली उतरवली तेव्हा गाडी पोट कापल्यासारखी दिसत होती. शेवटी उरलं क्लचचं पेडल. त्याचं रबर कधीच झिजून गेलं होतं आणि लोखंड बुटाच्या चवड्याच्या आकाराचं गुळगुळीत झालं होतं. खटका पाना हातात धरून ते बघत राहिला.

बाई बाकावर बसल्या होत्या. "काढा की. बघत काय बसलात? दुखणारा दात आहे तो."

त्याने काढलं.

आता मोठं काम. इंजिन एका घराण्यातलं, पेटी दुसऱ्या घराण्यातली. एकाचे बोल्ट दुसऱ्याच्या भोकात जाणार नव्हते. मध्ये एक जाड लोखंडी पट्टा हवा होता, ज्याला एका बाजूने इंजिनाची भोकं आणि दुसऱ्या बाजूने पेटीची. बरोबर मध्य साधलेला. खटक्याने माप घेतलं, लेथवाल्याकडून पट्टा कापून आणला, बसवला, आणि हाताने ढकलून बघत म्हणाला, "बसला. मस्त बसला."

ऑटोताईने काटा असलेलं मोजायचं यंत्र लावलं आणि इंजिन हळूहळू फिरवलं. काटा हलला.

"मध्य सुटलाय, काका."

"केसभर सुटला असेल."

"केसभरच सुटलाय. त्या केसात पुढचं सील फुटेल आणि सगळं तेल रस्त्यावर येईल. मध्य कसा काढलात?"

खटका फडक्याने हात पुसू लागला. तिने पुन्हा विचारलं नाही, तेच त्याला जास्त झोंबलं. जुन्या पेट्यांत एवढा फरक हाताने जिरवायची त्याला सवय होती, आणि त्याच सवयीने त्याने मध्य नजरेने धरला होता. त्याने तो पट्टा सोडवला, भंगारात टाकला आणि त्याच पावली लेथवाल्याकडे गेला. ह्या वेळी यंत्र सोबत नेलं. लेथपाशी उभा राहून त्याने दर कापाला मोजलं, आणि जिथे शंका आली तिथे ऑटोताईला फोन केला. लेथवाला म्हणे, "खटकाभाऊ, आज तब्येत बरी आहे ना?" दुसरा पट्टा बसला तेव्हा काटा मेल्यासारखा जागच्या जागी राहिला.

"आता बोला," खटका म्हणाला.

"आता काय बोलणार? मी केला असता तरी ह्याहून चांगला झाला नसता," ऑटोताई म्हणाली. खटका तेवढ्यावर दोन दिवस खूश होता.

नवी पेटी जुनीपेक्षा वीतभर लांब होती. म्हणून तिच्यामागची ट्रान्सफर केस मागे सरकली, मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट आखूड करावा लागला, पुढचा लांब. पेट्यांना खालून तोलणारी आडवी पट्टी नव्याने घडवली, फरशीचा पत्रा कापून वाढवला, तेल थंड करणारी छोटी जाळी रेडिएटरपुढे बसवली. हँडब्रेक मात्र खटक्याने जुन्याच पद्धतीचा ठेवला, ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावर, शाफ्टलाच आवळणारा. "ह्याच्यासारखा दुसरा नाही," तो म्हणाला, आणि त्यावर कुणी वाद घातला नाही.

पहिल्या सपाट फेरीत एका ठराविक वेगाला सगळी गाडी थरथरायची. खटका डोळे मिटून शेजारी बसला, दोन वेळा ऐकलं, आणि म्हणाला, "शाफ्टच्या मागच्या जॉइंटचा कोन." मागच्या चाकांच्या आसाखाली पाचर घातली, थरथर गेली. मग चढाची पाळी आली.

गॅरेजसमोरच्याच चढावर मध्यावर बाईंनी गाडी थांबवली, आपोआपच्या पेटीचा दांडा 'पार्क' मध्ये ठेवला आणि हात मांडीवर घेतले. खटका बाजूला बसलेला. त्याला ट्रान्सफर केसचा दांडा नेहमीच्या 'हाय'मधून लोमध्ये नीट जातो का ते बघायचं होतं. त्याने दांडा ओढला, आणि तो मध्येच, न्यूट्रलवर राहिला.

गाडी मागे सरकू लागली.

आधी कुणाला खरंच वाटेना, कारण दांडा पार्कमध्येच होता. खटका एका हाताने तो पार्कचा दांडा आणखी दाबू लागला. रस्त्यावर उभी असलेली ऑटोताई ओरडली. खाली वळणावर दुधाचे कॅन घेऊन एक सायकलवाला चढत होता. बाईंनी खटक्याचा हात झटकून हँडब्रेक असा खेचला की त्यांचा दंडच ताठ झाला. शाफ्ट आवळला गेला, चाकं किंचाळून थांबली.



"पार्क म्हणजे फक्त माझी पेटी बांधली जाते," धापा टाकत ऑटोताई खिडकीशी आली. "मागची तुमची पेटी न्यूट्रलला असली, की चाकं मोकळीच. मी सांगायला हवं होतं!"

"छे, मला कळायला हवं होतं. माझीच पेटी आहे ती."

"अहो, नाही काका, माझीच चूक..."

"तुम्ही दोघं नंतर एकमेकांचं कौतुक करा," बाई म्हणाल्या. आवाज शांत होता पण हँडब्रेकवरचा हात अजून सुटला नव्हता. "आधी कुणीतरी चाकामागे दगड ठेवा."

दगड ठेवला. मग तिघांनाही हसू आलं, ते थांबेना. सायकलवाला बाजूने जाताना त्यांच्याकडे वेड्यांकडे बघावं तसा बघत गेला.

त्या संध्याकाळी खटक्याने ट्रान्सफर केसच्या दांड्याला एक पोलादी खिट्टी बसवली. वर उचलल्याशिवाय दांडा न्यूट्रलवर जाऊच शकत नव्हता. शिवाय समोरच्या पट्टीवर एक लाल दिवा लावला. दांडा न्यूट्रलवर असेपर्यंत तो पेटलेला राही. ऑटोताईने दांडा वीस वेळा हलवून बघितला आणि म्हणाली, "हे तुम्ही कुठे शिकलात?" खटका म्हणाला, "आज दुपारी."

अजून काम बाकी होतं. फरशीतलं एक भोक उघडं होतं, पत्र्याला रंग नव्हता, शेजारची सीट नुसती ठेवलेली होती. अशातच एका सकाळी वरच्या वस्तीवरून फोन आला. पहिलटकरीण गाय अडली होती, पहाटेपासून कळा देत होती.

खटक्याने सवयीने किल्ली उचलली. बाईंनी हात पुढे केला.

"द्या."

"मी येतो सोबत. पेटी अजून..."

"पेटी झालीये का?"

खटक्याने ऑटोताईकडे पाहिलं. ती तेल बघायला आलेली होती. तिने मान हलवली. त्याने स्वतःच्या कामाकडे पाहिलं. दोन श्वास घेतले.

"झालीये," तो म्हणाला.

"मग द्या."

औषधाची पेटी मागे ठेवली, काठी सीटच्या बाजूला खोचली, उजव्या हाताने दार ओढून लावलं. गाडी निघाली. खटका वळणावर जाऊन उभा राहिला. इंजिनाचा आवाज चढला, थोडा उतरला, पुन्हा चढला. मध्ये कुठे अडखळला नाही, कुठे रेस तुटली नाही. दुसऱ्या वळणापर्यंत गाडी दिसत होती, तिसऱ्यापर्यंत ऐकू येत होती. मग डोंगराने आवाज घेतला.

त्या दिवशी खटक्याने एका गिऱ्हाइकाला चुकीचा बोल्ट दिला आणि दुसऱ्याला सुट्टे पैसे द्यायचे विसरला. ऑटोताई दुपारी चहाचा थर्मास घेऊन आली. "पुलावर काय झालं असेल?" खटका म्हणाला. "पूल तिने हजार वेळा ओलांडलाय," ती म्हणाली. "आणि तो उतार?" "काका, लो कुणी बसवलाय?" त्यावर त्याने थर्मासमधला चहा ओतून घेतला.

उन्हं कलताना आवाज आला. खाली येणारं इंजिन, सावकाश, एका लयीत. खेचर वळणावरून उतरून शेडसमोर थांबलं. बाईंच्या कोपरापर्यंत वाळलेलं रक्त होतं, केसात गवताच्या काड्या होत्या, आणि चेहरा असा की त्यांना ओळखणाऱ्या माणसाने दोन पावलं मागे सरकून बघावं.

"जुळी!" त्यांनी दारातूनच सांगितलं. "दोन कालवडी. एक उलटी आलेली, तिच्यामागे दुसरी. आई उभी आहे, चाटतेय दोघींना."

"आणि उतार?" खटका म्हणाला.

"लोमध्ये टाकली आणि पुलापर्यंत ब्रेकवर पाय ठेवला नाही. ठेवायची वेळच आली नाही. गाडी आपली पावलं मोजत उतरतेय आणि मी डोंगर बघतेय! इतकी वर्षं मी त्या उतारावर कधी डोंगरच बघितला नव्हता हो, तो दांडा धरण्यात सगळा जीव असायचा." मग त्यांना आणखी काही आठवलं आणि त्या मोठ्याने हसल्या. "तो म्हातारा आला. गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेला, आत डोकावला, मागे बघितलं. 'बाई, कुणी आणलं तुम्हाला?' म्हणाला. मी म्हटलं, कुणी नाही. तुमची गाय कुठंय ते दाखवा."

खटक्याने पाण्याची बादली आणली. बायकोने हात धुतले तेव्हा बादली तोच धरून होता. ऑटोताई गाडीखाली वाकून तेल गळतंय का ते बघत होती, जरा जास्तच वेळ.

पुढे बातमी आपसूक पसरली. लाकडाच्या वखारीतला एक माणूस आला, त्याचा डावा पाय घोट्यापासून गेला होता आणि त्याच्याकडे वडिलांची अशीच जुनी गाडी उभी होती. मग डोंगरातल्या रस्त्यांची मोजणी करणारी एक निवृत्त बाई आली, कंबर दुखणारी पण घरी न बसणारी. खटका त्यांना बसवायचा, दोन्ही पेट्यांचं काम समजावून सांगायचा आणि म्हणायचा, "पुढची पेटी ऑटोताई बांधते. मागची मी. पट्टा आम्ही दोघं मोजतो. आणि पास-नापास डॉक्टरीणबाई करतात."

ते खरं होतं. गाडी पुरी झाली की बाई स्वतः चालवून पुलापर्यंत नेत, लोमध्ये उतरवत, चढावर मध्येच थांबवून दिवा पेटतो का बघत. त्यांना खोटं बोलणं जमत नसे. वखारवाल्याची गाडी त्यांनी पहिल्या फेरीत नापास केली; दांडा हायमध्ये जाताना अडतोय म्हणाल्या. ऑटोताईला ते पटेना, वखारवाला हिरमुसला. खटक्याने जाऊन स्वतः दांडा हलवला, आणि अडत होता. अगदी जरासा.

"बघितलंत?" तो गिऱ्हाइकाला म्हणाला. "बसवताना मला हा अडथळा कळला नाही, हिला कळला." हे सांगताना त्याची छाती इतकी फुगली होती की वखारवाला आपलं दुःख विसरून हसायला लागला. मग खटक्याने गाडी पुन्हा फळ्यांवर घेतली आणि खाली उतरून, शीळ घालत, बोल्ट सोडवायला सुरुवात केली.